मिशन कर्मयोगी

मिशन कर्मयोगी : सरकारी कर्मचाऱ्यांची कार्यक्षमता वाढावी म्हणून भारत सरकारने आखलेला राष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रम. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला २ सप्टेंबर २०२० रोजी मंजुरी दिली. २०२०-२१ ते २०२४-२५ या पाच वर्षांसाठी ५१०.८६ कोटी रुपयांची तरतूद होती आणि केंद्राचे सुमारे ४६ लाख कर्मचारी त्यात धरले होते.

सरकारी प्रशिक्षण म्हटले की पूर्वी मसुरीची लाल बहादूर शास्त्री अकादमी किंवा पुण्याची यशदा अशा संस्थांमधले वर्ग आठवत. तिथली संधी मुख्यतः अधिकाऱ्यांच्या वाट्याला येई. टेबलावर फायली हाताळणारा लिपिक बहुधा शेजारच्या जुन्या सहकाऱ्याचे पाहूनच काम शिकत आला. ई-ऑफिस आले, फाईल पडद्यावर फिरू लागली, पण शिकण्याची रीत तीच राहिली. या खालच्या फळीपर्यंत पोचण्याचा प्रयत्न हेच या कार्यक्रमाचे खरे मोल आहे.

त्याचे मुख्य साधन म्हणजे आयगॉट कर्मयोगी हे ऑनलाइन व्यासपीठ. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, शिक्षकांसाठीच्या दीक्षा व्यासपीठावर डॉक्टर, परिचारिका आणि इतर आघाडीच्या कर्मचाऱ्यांसाठी आयगॉटचे अभ्यासक्रम सुरू झाले. इतक्या लोकांना एका ठिकाणी बोलावून शिकवणे तेव्हा शक्यच नव्हते. आता आयगॉटचा कारभार कर्मयोगी भारत ही ना-नफा सरकारी कंपनी पाहते, तर २०२१ मध्ये नेमलेला क्षमता बांधणी आयोग मंत्रालयांना प्रशिक्षणाचे वार्षिक आराखडे करायला मदत करतो.

कार्यक्रमाचा गाभा भूमिकाधारित मनुष्यबळ व्यवस्थापन हा आहे. एखाद्या पदाच्या भूमिका कोणत्या, त्यात कोणती कामे येतात आणि त्यांसाठी वर्तनाची, कामाची व विषयाची कोणती क्षमता लागते, हे आधी नोंदवायचे आणि त्यानुसार अभ्यासक्रम सुचवायचे. निवृत्तिवेतनाच्या टेबलावर बदलून आलेल्या माणसाला त्याचे नियम, संगणकावरची प्रक्रिया आणि वयस्कर अर्जदाराशी बोलण्याची पद्धत हे तिन्ही लागते. बदल्यांच्या नोकरीत ही मांडणी फार उपयोगाची आहे.

अडचण मोजमापाची आहे. ऑक्टोबर २०२४ मधील राष्ट्रीय शिक्षण सप्ताहात प्रत्येकाने किमान चार तास शिकावे, असे लक्ष्य होते. तास आणि प्रमाणपत्रे सहज मोजता येतात. व्हिडिओ चालू ठेवून प्रमाणपत्र मिळवणारा आणि मनापासून शिकणारा मात्र त्या आकड्यांत सारखेच दिसतात. अर्ज किती दिवसांत निकाली निघाला, तो किती वेळा त्रुटी काढून परत गेला, हे प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर तपासले, तरच कामातला फरक कळेल. शिकलेले वापरून पाहायला वरिष्ठाने वावही द्यायला हवा.

राज्यांचे कर्मचारीही आयगॉट वापरू शकतात. महाराष्ट्रात तलाठ्याचे दफ्तर मराठीत चालते. त्याच्यासाठी जमीन महसूल संहिता आणि फेरफार नोंदी यांवरचे मूळ मराठीतूनच घडवलेले अभ्यासक्रम हवेत; केंद्रासाठीच्या पाठांना मराठी उपशीर्षके जोडून ती गरज भागत नाही.