गावकीचा शब्द: चरीच्या संपापासून हळदीच्या ठरावापर्यंत

नवी मुंबईतल्या आमच्या गावठाणात गेल्या लग्नसराईच्या तोंडावर मारुतीच्या देवळापुढे गावकीची सभा भरली. विषय एकच, हळद. डीजे, दारू आणि मटणाच्या जेवणावळीपायी कर्जात बुडालेली घरं सगळ्यांना ठाऊक होती. ठाणे-कल्याण-भिवंडीकडच्या कित्येक आगरी-कोळी गावांनी अलीकडे हळदीतल्या या उधळपट्टीला आळा घालायचे ठराव केले आहेत. पण गावाने एकत्र बसून 'हे चूक' म्हणायचं आणि त्या शब्दामागे सगळ्यांनी उभं राहायचं, ही रीत या पट्ट्यात फार जुनी आहे.

27 ऑक्टोबर 1933. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची सभा झाली आणि खोताची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, जमीन कसायची नाही असं ठरलं. 25 गावं संपात उतरली, संप 6 वर्षं चालला. तोवर खोताचा खंड बिनबोभाट घालणं म्हणजे कुळाचं इमान. त्याच्या खळ्यात धान्य मोजून द्यायचं आणि उरलेल्यात वर्ष काढायचं. त्या सभेने ते इमानच उलटं केलं. आता खोताच्या शेतात नांगर घालेल तो गावाचा गुन्हेगार ठरणार होता. शेतं ओस पडली, लोकांनी जंगलातला लाकूडफाटा विकून चुली पेटत्या ठेवल्या. पोटात भूक असताना समोरच्या शेतात 6 वर्षं पाय टाकायचा नाही, हे नुसत्या भाषणांनी होत नाही. संध्याकाळी शेजाऱ्याला तोंड दाखवायचं असतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1934 मध्ये चरीला आले आणि 1937 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. रायगडात शेतकरी कामगार पक्षाची मुळं रुजली ती याच मातीत.

त्याच पक्षाचे नेते दि. बा. पाटील. 1970 मध्ये सिडको, म्हणजे शहर उभारणारं सरकारी महामंडळ, आली, नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. जानेवारी 1984 मध्ये उरणच्या जासई-दास्तान फाटा आणि नवघर परिसरात मोबदल्यासाठी आंदोलन करणारे 5 शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, तिच्यामागे हे रक्त आहे. आमच्या जमिनीवर शहर उभं राहणार तर त्यात आमचाही वाटा हवा, हा न्याय गावोगाव आधीच मान्य झालेला होता. दिबांनी त्याला आवाज दिला.

भक्तीच्या वाटेनेही हेच घडलं, फक्त धाकाशिवाय. पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी ठाण्यात घोडबंदर रस्त्याला तत्त्वज्ञान विद्यापीठ काढलं. त्यांच्या स्वाध्याय परिवारातून किनाऱ्यावर कोळ्यांच्या सामाईक होड्या, मत्स्यगंधा, निघाल्या. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींच्या दासबोध निरूपणाच्या बैठकीने तर आमच्याकडे घरंच्या घरं दारूतून सोडवली. माझ्या चुलत भावाच्या हळदीला मांडवामागे दोन चुली होत्या. एकीवर मटणाचं मोठं टोप, दुसरीवर बैठकवाल्यांसाठी आणि माळकऱ्यांसाठी वालाची भाजी. पंगतीही दोन. बैठकवाल्यांच्या पंगतीत बसायला कोणी कोणाला सांगत नाही. माणूस आपणच जाऊन बसतो, आणि एकदा बसला की दुसऱ्या दिवशी गुत्त्यावर जाणं त्याचं त्यालाच जड जातं.

पण जो शब्द खोताविरुद्ध ढाल झाला, तोच एका घराविरुद्ध फिरला की त्याला म्हणतात वाळीत टाकणं. त्या घराशी बोलायचं नाही, त्यांच्या लग्नाला जायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. मला याची चीड आहे, आणि गावकीच्या थोरवीच्या गोष्टी सांगताना आपण हे पान गाळतो याची जास्त. मुंबई प्रांताने 1949 मध्ये धर्मसमूहातून वा जातीतून बाहेर काढण्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, कारण धार्मिक समूहाला आपला कारभार पाहण्याचा हक्क आहे. 2013 पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीने (अंनिस) जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम चालवली, रायगडातून वाळीत टाकल्याच्या तक्रारींवर तक्रारी आल्या. अखेर 2016 मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, देशातला पहिला. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आमच्या सभेत हळदीचा ठराव होता होता एका तरुणाने सुचवलं, मोडेल त्याला गावकीचा दंड ठेवू. वहीत तशी ओळ लिहूनही झाली. देवळाच्या पायरीवर बसलेले एक आजोबा, 1984 ला जासईला गेलेले, तेवढंच बोलले, "आन नाय भरला त काय करशील?"

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग लिहिणाऱ्याने ती ओळ खोडली आणि खाली 'विनंती' असं लिहिलं.