धरणातला समुद्री मासा आणि रिळाचा व्यास

टेक्सास आणि ओक्लाहोमाच्या सीमेवरच्या लेक टेक्सोमा या धरणाच्या जलाशयात मी स्ट्राइप्ड बास या माशासाठी पहिल्यांदा गळ टाकला, तेव्हा हातात दुकानातली सगळ्यात ताठ आणि महाग कार्बनची काठी होती. मोठा मासा म्हणजे दणकट काठी, असा माझा सरळ हिशेब. होडीच्या कडेच्या खोबणीत काठी अडकवली आणि खाली जिवंत शॅड आमिष म्हणून सोडला. शॅड म्हणजे आपल्या तारलीच्या गोतावळ्यातला चंदेरी मासा. टोक थरथरलं की मी झडप घालून हिसका द्यायचो आणि गळ रिकामा वर यायचा. दिवसभरात चार वेळा. शेजारच्या होडीतल्या म्हाताऱ्याच्या फायबरग्लासच्या काठ्या मात्र पार पाण्याला टेकेपर्यंत वाकायच्या, आणि तोवर तो त्यांना हातही लावायचा नाही.

माझी काठी का चुकली हे कळायला आधी मासा कळावा लागतो. स्ट्राइप्ड बास, तिथल्या बोलीत स्ट्रायपर, मुळात समुद्रातला. अटलांटिकच्या किनाऱ्याला वाढायचं आणि अंडी घालायला नदीत चढायचं, हा त्याचा क्रम. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅरोलिनात सँटी आणि कूपर नद्यांवर धरणं झाली आणि काही मासे वरच्या अंगाला अडकले. ते तिथेच जगले, तिथेच त्यांची पिल्लावळ वाढली. गोड्या पाण्यात याचं आख्खं आयुष्य निघू शकतं हे कळल्यावर इतर राज्यांनीही आपापल्या धरणांत पिल्लं सोडली. टेक्सोमात १९६५ साली. बहुतेक जलाशयांत मात्र पिल्लं पुन्हा पुन्हा आणून सोडावी लागतात. याची अंडी फुटेपर्यंत सुमारे दोन दिवस वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात, तळाला बसली की गाळात गुदमरतात. टेक्सोमाला रेड आणि वॉशिटा या नद्यांचा लांब प्रवाह मिळतो, म्हणून तिथे वंश आपोआप चालतो.

मोठ्या स्ट्रायपरला २५ अंशांच्या वरचं पाणी सोसत नाही. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि हलकं होऊन वरच राहतं. खालचं गार असलं तरी तळाशी कुजणारा पाला त्यातला ऑक्सिजन संपवत जातो. गार आणि श्वास घेण्याजोगा असा मधला पातळसा थर उरतो आणि मासे त्यात कोंडले जातात. अशा दिवसांत खोलातून ओढलेला मासा परत सोडला तरी बरेचदा वाचत नाही. म्हणून जुलैत ‘पकडा आणि सोडा’ याचं मला तरी काही कौतुक वाटत नाही.

थर पातळ, म्हणजे आमिष नेमक्या खोलीवर हवं. स्ट्रायपर वर बघत शिकार करतो, त्यामुळे आमिष त्याच्या थोडं वरच बरं. आपले कोळी पाणी वावांत मोजतात. इथे त्यासाठी आकडा दाखवणारं रीळ मिळतं. पैसे टाकायचेच तर त्यावर टाका. पण त्यातली मेख अशी की ते दोरी मोजतच नाही, रिळाचे फेरे मोजतं. रीळ काठोकाठ भरलेलं असलं तर आकडा खरा. अर्धवट भरलेल्या रिळाचा व्यास लहान, म्हणून प्रत्येक फेऱ्याला दोरी कमी सुटते. आकडा १२ मीटर म्हणतो आणि आमिष ८ वरच लोंबकळतं.

आता काठी. जिवंत आमिषासाठी इथे टोक आत वळलेला गोल गळ वापरतात. मासा आमिष तोंडात घेऊन वळला आणि दोरीवर हळूहळू ताण आला, की तो सरकत जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. हिसका दिला तर तोंडातून तसाच बाहेर येतो. माझ्या चार माशांचा हिशेब इथे लागला. कार्बनचा धागा काचेच्या धाग्यापेक्षा सुमारे तिप्पट ताठ आणि वजनालाही हलका. दिवसभर खोटं आमिष फेकणाऱ्याला तो मानवतो. खोबणीतल्या काठीचं वजन होडी उचलते, त्यामुळे हलकेपणाचा उपयोग नाही. उलट लाटेबरोबर होडी वरखाली झाली की ताठ काठी आमिषाला झटके देते. काचेची लवचिक काठी ती हालचाल गिळते आणि ताण सावकाश वाढवते.

वाकण्याचा आणखी एक फायदा आहे. काठी ही तरफ आहे, पण माशाच्या बाजूची. २.१ मीटरची काठी, बुंधा पोटाला, पुढचा हात बुंध्यापासून ३० सेंटिमीटरवर. काठी ताठ राहिली तर टोकावरच्या ३ किलोंसाठी हाताला २१ किलोंचा जोर लावावा लागेल. ती वाकून टोक पोटापासून १.२ मीटरवर आलं की तेच काम १२ किलोंत होतं.

रिळात चकत्यांचा ब्रेक असतो, त्याला ड्रॅग म्हणतात. कोकणात खाडीवर गरी घेऊन बसलेला माणूस मासा उधळला की तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, बोटांतून सरकू देतो. ड्रॅग नेमकं तेच करतो. फरक एवढाच की बोटांना ताण कळतो, ड्रॅगला कळत नाही. समजा, तंगूस ९ किलोंना तुटणारा आहे आणि भरल्या रिळावर ड्रॅग ३ किलोंना सरकतो. मासा लांब पळाला, दोरी सुटत गेली आणि गुंडाळीचा व्यास निम्मा झाला. ब्रेक जिथे होता तिथेच, पण आता रीळ फिरवायला ६ किलो लागतात. जात्याचा खुंटा मधोमध सरकवला तर दळणारीचा दम निघेल, तसंच. त्यात काठीवरच्या कड्यांमधलं घर्षण आणि गाठीपाशी कमजोर झालेला तंगूस धरा. मासा दूर गेला म्हणून घाबरून ड्रॅग आवळणारे नेमके इथेच मासा घालवतात; तेव्हा तो सैल करायचा असतो.

म्हणून रीळ मोठ्या व्यासाचं आणि भरपूर दोरी मावणारं घ्यावं. दोरी नायलॉनचीच. विणलेली पॉलिथिलीनची दोरी बारीक आणि मजबूत असते, पण ताणली जवळजवळ जात नाही, आणि इथे दोरी थोडी ताणली जायलाच हवी.

ड्रॅग अंदाजाने लावू नये, तुटण्याच्या वजनाच्या चौथाईवर मोजून लावावा. ९ किलोंच्या तंगूसाला सव्वादोन. त्यासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही. भारतात जाताना बॅग २३ किलोंच्या आत बसवायला जो हुकाचा काटा आपण घेतो, त्यालाच दोरी बांधायची आणि बायकोला काटा धरून अंगणात मागे मागे चालायला सांगायचं. काटा सव्वादोनवर आला आणि रीळ कुरकुरत सुटायला लागलं, की थांब म्हणायचं.