रेड डॉट बसवलात, आता नजर टार्गेटवर

नाशिकच्या आमच्या दुकानातून एअर पिस्तुलावर रेड डॉट, म्हणजे लाल ठिपका दिसणारी नेमाची काच, बसवून नेलेले ग्राहक आठवड्याभरात परत येतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते : "डॉट फार हलतो हो." हलतो तो हात. उघड्या साइटवरही (मागची खाच आणि पुढची खूण जुळवताना) एवढाच हलत होता, तेव्हा कळत नव्हतं.

तो थांबवायच्या मागे लागू नका. १० मीटर एअर पिस्तूलच्या कार्डावर काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा, दहा गुणांचं वर्तुळ ११.५ चं. ३ एमओएचा (एमओए म्हणजे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग) डॉट या अंतरावर जेमतेम ९ मिलिमीटर झाकतो. तो दहाच्या आसपास डोलत असतानाच ट्रिगर सावकाश, एका दाबात मागे येऊ द्या. डॉट दहावर आला रे आला की झटका द्यायचा, ही सवय नेम सगळ्यात जास्त बिघडवते.

नजरेची सवय मात्र मुळापासून बदलावी लागते. उघड्या साइटला आपण फ्रंट साइट स्पष्ट बघतो, टार्गेट धूसर चालतं. इथे दोन्ही डोळे उघडे आणि नजर टार्गेटवरच. जमत नसेल तर काचेच्या टार्गेटकडच्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावून सराव करा. एक डोळा डॉट बघतो, दुसरा टार्गेट, आणि मेंदू दोन्ही जुळवतो. झीरो करताना, म्हणजे डॉट आणि मार जुळवताना, पट्टी काढायची.

पिस्तूल उचललं आणि डॉट दिसलाच नाही? नवख्यांची नळी बहुधा वर गेलेली असते, त्यामुळे डॉट काचेच्या वरच्या कडेबाहेर निघून जातो. मनगट गोल फिरवून शोधू नका; नळी किंचित खाली आणा. रिकाम्या पिस्तुलाने रोज वीस वेळा नुसतं उचलून बघा, बोट ट्रिगरच्या बाहेर. स्प्रिंगचं पिस्तूल मात्र पेलेटशिवाय (छर्ऱ्याशिवाय) चालवू नका, पिस्टनला मार बसतो.

डॉटला शेपूट फुटल्यासारखं दिसतंय? काचेचा मोबाइलवर फोटो काढा. फोटोत गोल असेल तर यंत्र ठीक आहे, तुमच्या डोळ्याला सिलिंडर नंबर (अॅस्टिग्मॅटिझम) असू शकतो. चष्मा लावून बघा. डॉटचा उजेडही कमी करा. कार्डावरची वर्तुळं डॉटभोवती दिसली पाहिजेत.

डॉट सरकवायच्या स्क्रूच्या १ एमओएच्या एका क्लिकने १० मीटरवर मार साधारण २.९ मिलिमीटर सरकतो. पाच पेलेट मारून ग्रुप, म्हणजे भोकं कुठे जमतात ते, बघा, मगच क्लिक फिरवा. एका पेलेटवर कधीच नाही.

स्पर्धेत उतरायचं असेल तर आधीच सांगा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) पिस्तूल प्रकारांत डॉट चालत नाही. मनू भाकरचं २०२४ चं पॅरिसचं १० मीटरचं कांस्य उघड्या साइटवरचं आहे. अशा मुलांना आम्ही डॉट विकत नाही.

डिसेंबरच्या सकाळी थंडीतून उबदार खोलीत आणलं की काचेवर वाफ धरते. शर्टाने पुसू नका, ओरखडे पडतात. पाच मिनिटं थांबा. बसवताना स्क्रूवर आम्ही नेलपॉलिशची बारीक रेघ ओढतो. ती तुटलेली दिसली तर स्क्रू ढिला झालाय. क्लिक न फिरवता पिस्तूल तसंच आमच्याकडे घेऊन या.