जनुकसंपादन

सजीवाच्या पेशीतील डीएनएमध्ये नेमक्या ठरवलेल्या जागी बदल करण्याच्या तंत्रांना जनुकसंपादन म्हणतात. विदर्भात हा विषय निघाला की बोलणे बीटी कपाशीवर जाते आणि तिथेच गल्लत होते. २००२ मध्ये आलेल्या बीटी वाणात जिवाणूचे जनुक बाहेरून घातलेले आहे. ते डीएनएत कुठे जाऊन बसेल, यावर फारसा ताबा नव्हता. संपादनात परके जनुक आणावेच लागते असे नाही. आहे त्याच जनुकातले एखादे अक्षर (डीएनए ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो) बदलता किंवा गाळता येते.

झिंक फिंगर न्यूक्लिएज आणि टॅलेन या आधीच्या साधनांत दर नव्या जागेसाठी नवे प्रथिन घडवावे लागे. २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांनी जिवाणूंच्या विषाणूविरोधी यंत्रणेतून क्रिस्पर-कॅस ९ हे साधन पुढे आणले. त्यासाठी त्यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कॅस ९ हे प्रथिन डीएनए कापते, पण कुठे कापायचे हे सुमारे २० अक्षरांचा मार्गदर्शक आरएनए ठरवतो. जागा बदलायची तर तेवढा आरएनए बदलायचा. काप पेशीच सांधते. सांधताना अक्षरे गळाली तर जनुक बंद पडते. सोबत हव्या त्या बदलाचा डीएनए-नमुना दिला तर पेशी तो उतरवून घेऊ शकते. मिळत्याजुळत्या भलत्याच जागी काप बसण्याचा धोका मात्र राहतो.

विदर्भाचा या तंत्राशी सर्वांत जवळचा संबंध सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळे येतो. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत ‘एसएस’ म्हणजे रुग्ण आणि ‘एएस’ म्हणजे वाहक हे गावोगावच्या आशाताईंना सांगावे लागत नाही. हिमोग्लोबिनचा एक भाग घडवणाऱ्या, अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिन जनुकात डीएनएच्या ‘ए’ अक्षराच्या जागी ‘टी’ येतो, तेवढ्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून हाडे-सांधे असह्य दुखतात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने मान्यता दिलेला कॅसजेव्ही हा क्रिस्पर-उपचार ते अक्षर दुरुस्त करत नाही. जन्मानंतर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन दाबून ठेवणाऱ्या बीसीएल११ए जनुकाचा रक्तपेशींतला नियंत्रक भाग तो निकामी करतो, म्हणजे ते हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. त्यासाठी रुग्णाच्या मूलपेशी काढून प्रयोगशाळेत संपादित करतात, केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करतात आणि मगच त्या परत देतात. अमेरिकेत याची किंमत २२ लाख डॉलर आहे. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने याच आजारासाठी ‘बिरसा १०१’ हा क्रिस्पर-उपचार विकसित केला, ही मोठी गोष्ट आहे. तरी गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या रुग्णाला आज आधार आहे तो हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांचा आणि कुटुंबांना लग्नाआधीच्या तपासणीचा. नव्या उपचाराच्या बातम्यांत हे काम मागे पडता कामा नये.

शेतीत वाट जरा मोकळी आहे. परका डीएनए उरला नसेल तर अशा वाणांना भारतात २०२२ पासून जनुकांतरित म्हणजे परके जनुक घातलेल्या पिकांच्या कडक नियमांतून सूट आहे. मे २०२५ मध्ये जाहीर झालेला ‘पुसा डीएसटी राईस १’ हा धानपट्ट्यात ओळखीच्या एमटीयू १०१० वाणातले, ताण सोसण्याची ताकद दाबून ठेवणारे डीएसटी जनुक निकामी करून बनवला आहे. दुष्काळ आणि क्षार सोसण्याची ताकद हा त्याचा उद्देश.

कपाशीचे काम किचकट आहे. लागवडीतल्या अमेरिकन कपाशीत गुणसूत्रांचे दोन वेगळे संच एकत्र आलेले असल्याने बहुतेक जनुकांच्या जोडप्रती असतात आणि दोन्ही बदलाव्या लागतात. शिवाय संपादित पेशीपासून आख्खे झाड उभे करणे कोकर ३१२ सारख्या मोजक्याच वाणांत सहज जमते. तिथून तो बदल शेतकऱ्याच्या वाणात आणायला पुढे कित्येक पिढ्यांचा संकर करावा लागतो.