खणापासून कोडपर्यंत : सोलापुरातल्या स्ट्रक्चरल डिझाइनच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

सिव्हिलच्या अभ्यासक्रमात आरसीसीचा, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटचा, स्वतंत्र पेपर असतो, स्टीलचाही असतो. लाकडाच्या वाट्याला फार तर एखादं प्रकरण येतं, तेही बहुतेकदा बांधकाम साहित्याच्या विषयात. सोलापूर शहर मात्र बरोबर उलट्या क्रमाने उभं राहिलं : आधी लाकूड, मग लोखंड, सगळ्यात शेवटी काँक्रीट. इथे डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींना हा क्रम माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. पुढे ज्या इमारतींच्या कागदांवर त्यांना सही करायची आहे, त्या या तिन्ही प्रकारच्या आहेत.

लाकडापासूनच सुरुवात करू. उत्तर कसबा, शुक्रवार पेठ, बाळीवेस या भागातल्या जुन्या वाड्यांची रचना साधारण सारखीच. बाहेर दगड-मातीच्या जाडजूड भिंती, आत दगडी तळखड्यावर उभे केलेले लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या म्हणजे आडवी बारीक लाकडं, कड्यांवर फळ्या किंवा किलचन (लाकडाच्या चिपा), त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. हे माळवद. घर केवढं, हे लोक खणात सांगत. तीन खणी, पाच खणी. खण म्हणजे दोन तुळयांमधलं अंतर, साधारण चार-पाच फूट.

खण एवढाच का, याचं उत्तर वरच्या मातीत आहे. एक घनमीटर दाबलेल्या मातीचं वजन सुमारे १,६०० ते १,८०० किलो भरतं. म्हणजे एक फूट जाडीच्या माळवदाचा भार दर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास जातो. आजच्या पाच इंची काँक्रीट स्लॅबचं स्वतःचं वजन याच हिशोबाने ३१० किलोच्या घरात येतं. त्यात माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर नवी माती पसरायची रीत. जुनी काढायची, हे प्रत्येक जण करत नसे. पिढ्या गेल्या की थर दोन फुटांवर जायचा आणि दहा बाय दहाच्या खोलीवर नऊ-दहा टन माती बसायची. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या गावात या छपराखालचा गारवा मोलाचा होता आणि लोकांनी त्याची किंमत लाकडाच्या जाडीत मोजली. इतक्या भाराखाली कडी वाकू द्यायची नसेल तर अंतर आखूड ठेवणं भाग होतं.

हे गणित कुणी कागदावर मांडलं नव्हतं. ते सुताराच्या हातात होतं. चार बाय आठ इंचाची तुळई तो कायम उभी घालायचा, आडवी कधीच नाही. आजचा विद्यार्थी रुंदी गुणिले उंचीचा वर्ग भागिले सहा हे सूत्र वापरून दाखवतो की उभी तुळई आडवीच्या दुप्पट ताकदीची असते. गॅलिलिओने १६३८ मध्ये हे गुणोत्तर बरोबर सांगितलं होतं. तुळईच्या पोटात ताण आणि पाठीत दाब कसा वाटला जातो, हे मात्र त्याला नीट उलगडलं नाही. ते स्पष्ट मांडायला फ्रेंच इंजिनिअर नाविएचं १८२६ साल उजाडावं लागलं. आपल्या सुताराकडे यातलं एकही नाव नव्हतं, पण घरं दीडदोनशे वर्षं उभी राहिली. लाकूड कुठे कमी पडतं हेही त्याला ठाऊक होतं. खांबाचं बूड जमिनीत गाडलं तर ओल आणि वाळवी, म्हणून खाली दगडी तळखडा. सांध्यात खिळा ठोकला तर लाकूड फाटतं, म्हणून खाचेत कुसू, म्हणजे खाचेत घट्ट बसणारं तासलेलं टोक.

दुसरा टप्पा रेल्वेबरोबर आला. १८६० मध्ये सोलापूरला रेल्वे पोचली आणि १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी गिरणी, सुरू झाली. गिरणीला खण चालणार नव्हता. मागांच्या रांगा, छतालगत फिरणारे शाफ्ट आणि पट्टे, त्यांच्यामधून जाणारे कामगार यांना मोकळी जागा हवी होती आणि मध्ये येणारे खांब शक्य तेवढे कमी. बिडाचे खांब आणि लोखंडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणांच्या चौकटी, हे त्यावरचं उत्तर होतं. विणकामाच्या शेडवर करवतीच्या दातांसारखी छपरं बसवत आणि काचेची बाजू उत्तरेला ठेवत, म्हणजे ऊन थेट आत न येता सूत नीट दिसण्यापुरता एकसारखा उजेड मिळे.

कैचीतलं तत्त्व तुळईपेक्षा वेगळं आहे. त्रिकोणाचा आकार बाजूंची लांबी बदलल्याशिवाय बदलत नाही, त्यामुळे भार सांध्यांवर दिला तर कैचीच्या प्रत्येक दांड्यात फक्त ताण किंवा फक्त दाब राहतो. ताणातला दांडा कितीही बारीक असला तरी ओढ सहन करतो. दाबातला सडपातळ दांडा मात्र चिरडण्याच्या फार आधी बाजूला वाकून जातो. गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकात मांडलेलं हे सूत्र स्टीलच्या पेपरात आजही पहिल्या काही तासांत येतं, आणि सगळ्यात जास्त गुणही तिथेच जातात. गिरणीच्या जुन्या कैचीत एखादा दांडा जोड अँगलचा (दोन काटकोनी पट्ट्यांचा) आणि शेजारचा नुसत्या सळईचा का, याचं उत्तर याच फरकात आहे.

याच जिल्ह्यात भाराच्या वाटणीचा आणखी एक मोठा धडा उभा राहिला. ब्रिटिश इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये धावू लागली. अडीच फुटी गेज, यार्डाला ३० पौंडाचे हलके रूळ, आणि अट एकच : कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. इंजिन असो की मालडबा, वजन सगळ्या आसांवर सारखं वाटायचं, म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. आज आपण स्लॅबचा भार बीमवर, बीमचा कॉलमवर आणि कॉलमचा पायातल्या फुटिंगवर कसा उतरतो ते शिकवतो. विचाराची दिशा तीच आहे.

सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद याच रेल्वेच्या कामातून कंत्राटदारीत उतरले. फाटक यांच्याबरोबर भागीदारीत त्यांनी येडशी-तडवळे मार्गाचं काम घेतलं, आणि पुढे १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. बांधकाम हा हिशोबाने आणि शास्त्राने करायचा धंदा आहे ही जाणीव या भागात त्यांच्यामुळे पक्की झाली, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

तरीही लोखंडाचं डिझाइन बराच काळ बाहेरून येत राहिलं. जमशेदपूरला पोलाद तयार होऊ लागलं १९१२ मध्ये. त्याआधीचे गर्डर विलायतेतून यायचे, आणि जुनी इमारत पाडताना गर्डरच्या पोटावर तिकडच्या कारखान्याचं नाव आजही सापडतं. गर्डरमध्ये विटांच्या बुटक्या कमानी आणि वर चुन्याचा कोबा, किंवा गर्डरवर सरळ शहाबादी फरशी, अशी छपरं गावात रुळली. हे बसवणारे फिटर आणि गवंडी इथलेच. गणित मात्र पुण्यात शिकायचं, कारण तिथलं इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ चं, नाहीतर मुंबईत. १९४७ मध्ये सांगलीचं कॉलेज निघालं तेव्हा वाट थोडी जवळ आली.

काँक्रीटने मात्र थोड्या वर्षांत सगळंच बदललं. पोरबंदरला सिमेंटचं नियमित उत्पादन १९१४ मध्ये सुरू झालं, पुढे शहाबादसारख्या त्या मानाने जवळच्या गावात कारखाना आला, आणि स्वातंत्र्यानंतर स्लॅब ही प्रत्येक कुटुंबाची इच्छा झाली. काँक्रीट दाब उत्तम घेतं, पण ताणात त्याची ताकद जेमतेम दहावा हिस्सा, म्हणून ताणाच्या बाजूला सळई. इतकं सगळे सांगतात. अवघड भाग पुढे आहे : कॉलम आणि बीम एकसंध ओतल्यामुळे एका बीमवरचा भार शेजारच्या बीमलाही वाकवतो. लाकडी तुळई दोन खांबांवर नुसती टेकलेली असते, तिचा हिशोब तिच्यापुरता संपतो. एकसंध चौकटीचा हिशोब तसा सुटत नाही. अमेरिकी इंजिनिअर हार्डी क्रॉसने १९३० मध्ये मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, वाटत-वाटत उत्तराकडे जाण्याची पद्धत दिली, आणि त्यानंतरच्या कित्येक पिढ्यांनी तिच्या कोष्टकांनी वह्या भरल्या.

१९४७ मध्ये इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन स्थापन झाली. काँक्रीटचं कोड, म्हणजे डिझाइनची नियमावली, आयएस ४५६, पहिल्यांदा १९५३ मध्ये आलं आणि स्टीलचं आयएस ८०० हे १९५६ मध्ये. सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाली १९८३ मध्ये. तेव्हा अभ्यासक्रम शिवाजी विद्यापीठाचा होता, सोलापूर विद्यापीठ वेगळं झालं २००४ मध्ये. म्हणजे ज्या गावात १८७७ पासून लोखंडी कैच्या होत्या, तिथे डिझाइनची पदवी घरी राहून घेता यायला शंभरावर वर्षं लागली.

आणि याच सुमाराला शिकणाऱ्यांच्या डोक्यावर दुहेरी ओझं पडलं. जुनी पद्धत सरळ होती : साहित्याची ताकद काही पटीने भागायची आणि प्रत्यक्ष भाराखाली ताण त्या मर्यादेत ठेवायचा. आयएस ४५६ च्या १९७८ च्या आवृत्तीने लिमिट स्टेट आणलं. यात स्वतःचं वजन आणि वापराचा भार दीडपट वाढवून घ्यायचे, काँक्रीटची ताकद १.५ ने आणि सळईची १.१५ ने भागायची, आणि मग घटक तुटण्याच्या घडीला काय होतं ते तपासायचं. स्टीलच्या कोडने हा बदल स्वीकारला थेट २००७ मध्ये. मधली २९ वर्षं एकच विद्यार्थी आरसीसीच्या पेपरात एका तत्त्वाने आणि स्टीलच्या पेपरात दुसऱ्या तत्त्वाने गणितं सोडवत होता. दोन्हींच्या मागे काय विचार आहे हे सांगणारा शिक्षक भेटला तर ठीक, नाहीतर दोन वेगळ्या पाककृती पाठ करायच्या. लाकडाचं कोड, आयएस ८८३, आजही जुन्याच पद्धतीवर आहे. त्यात साग ‘ब’ गटात मोडतो, आणि गाठी, ओल व तंतूंची दिशा पाहून त्याची परवानगीची ताकद ठरते.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. गणपती विसर्जनाच्या रात्री उशिरा झोपलेल्या गावांना तीन वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपाने गाठलं. सोलापूरपासून किल्लारी सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. तीव्रता ६.२ रिश्टरच्या आसपास, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम, तरी हजारो माणसं गेली. ती बहुतांशी स्वतःच्या घराच्या भिंती आणि माळवदाखाली गेली. दोन-अडीच फुटी भिंत बाहेरून भक्कम दिसायची. आत ती दोन वेगळ्या पदरांची होती, मध्ये चिखल आणि खडी. दोन्ही पदर आरपार बांधणारा दगड नव्हता. हादरा बसताच पदर सुटले आणि वरची टनावारी माती खाली आली. जिथे माळवदाचा भार भिंतींऐवजी लाकडी खांबांवर होता आणि सांधे शाबूत होते, तिथे भिंती ढासळूनही छप्पर उभं राहिल्याची कितीतरी उदाहरणं पाहणाऱ्यांनी नोंदवली. वर हिशोब केला तेच वजन, तीच खणांची चौकट. एकाने मारलं, दुसऱ्याने वाचवलं. स्ट्रक्चर शिकवताना यापेक्षा मोठा पाठ मला माहीत नाही.

तोवर किल्लारीचा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या झोनमध्ये होता. २००१ मध्ये भुज हादरलं, आणि भूकंपाच्या कोडच्या, आयएस १८९३ च्या, २००२ च्या आवृत्तीत पहिला झोनच काढून टाकला गेला. त्या आवृत्तीनुसार सोलापूर तिसऱ्या झोनमध्ये आहे. त्यामुळे इथे चार मजल्यांची साधी सोसायटी असली तरी आडव्या भाराचा हिशोब टाळता येत नाही.

या बदलाचं साइटवरचं रूप अगदी लहान आहे. कॉलमच्या सळ्यांभोवती ज्या रिंगा बांधतात त्यांची टोकं कशी वाकवायची, हा प्रश्न. बारबेंडर सवयीने ९० अंशांत वाकवतो, कारण बांधायला सोपं जातं. भूकंपासाठी सळ्यांची रचना कशी करायची याचं कोड, आयएस १३९२०, सांगतं की टोक १३५ अंशांत आत, काँक्रीटच्या गाभ्यात गेलं पाहिजे. भूकंपात बाहेरचं कव्हर, म्हणजे सळ्यांवरचा काँक्रीटचा थर, सोलून निघतं, ९० अंशांची रिंग उघडते आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात. तीच ऑयलरची गोष्ट, सडपातळ दांडा दाबाखाली वाकण्याची. आत वळलेली रिंग सळ्यांना धरून ठेवते. सॉफ्टवेअरमध्ये दहा मजल्यांची चौकट काही मिनिटांत सुटते, पण स्लॅब भरण्याआधी प्रत्येक कॉलमपाशी वाकून रिंगेचं टोक बघणं हे माणसाचंच काम आहे, आणि त्याचं गांभीर्य वर्गात असतानाच मनात उतरलं पाहिजे.

लाकूड मात्र या सगळ्यात मागे पडलं, आणि ही गोष्ट मला डाचते. पावसाळा तोंडावर आला की जुन्या पेठांमधल्या धोकादायक इमारतींना नोटिसा जातात आणि स्ट्रक्चरल ऑडिटची गरज पडते. ऑडिट करणाऱ्याने माळवदाचा थर किती जाड आहे हे खोदून मोजायला हवं, तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजलंय का हे अणकुचीदार हत्याराने टोचून पाहायला हवं, खांबाचं कुसू सैल झालंय का ते तपासायला हवं. माती उतरवून वर हलका पत्रा घातला आणि भिंतींना आरपार दगड किंवा काँक्रीटचे जोड दिले तर यातले कितीतरी वाडे राहण्याजोगे होतात. किल्लारीनंतर जुनी घरं मजबूत करताना हेच उपाय सुचवले गेले. सागाची तुळई किती भार घेईल याचा हिशोब ज्याने कधी केलेलाच नाही, तो इंजिनिअर अशा घराबद्दल एकच सुरक्षित शिफारस करू शकतो : पाडा. लाकडाच्या डिझाइनचे दहा-बारा तास आणि एका जुन्या वाड्याचं प्रत्यक्ष मोजमाप, एवढी भर अभ्यासक्रमात घालणं सोलापूरच्या कॉलेजांना सहज शक्य आहे. मोजायला वाडे अजून शिल्लक आहेत, पण दर वर्षी कमी होत चालले आहेत.