लीन बांधकाम व्यवस्थापन

मोठ्या बांधकामात वेळ, साहित्य आणि श्रम कुठे वाया जातात ते हुडकून काम न अडता पुढे सरकत ठेवण्याची पद्धत. तिचे मूळ टोयोटाच्या मोटार कारखान्यात आहे. बांधकामासाठी तिची मांडणी फिनलंडचे लॉरी कोस्केला यांनी १९९२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात लिहिलेल्या अहवालात केली. पुढे ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी ‘लास्ट प्लॅनर’ ही कार्यपद्धती रुजवली.

‘लास्ट प्लॅनर’ म्हणजे नियोजनाच्या साखळीतला शेवटचा माणूस: फोरमन किंवा मुकादम. येत्या आठवड्यात काय पुरे होईल हे साहेब ठरवत नाहीत, तो कबूल करतो. त्याआधी नकाशा, सळई, माणसे, परवानगी हाताशी आहेत का, हे तपासलेले असते. आठवड्याअखेर झाले की नाही एवढेच नोंदतात. ‘ऐंशी टक्के झालंय’ हे उत्तर चालत नाही. न झालेल्या कामाचे कारण लिहितात, आणि पद्धतीचा खरा कस या कारणांच्या वहीतच लागतो.

नागपूरच्या वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल आहे: खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. अशा रचनेत एक खांब रखडला की वरची दोन्ही कामे खोळंबतात, म्हणून कामाचा क्रम हाच कळीचा मुद्दा ठरतो. मेट्रोच्या पुलाचे सेगमेंट, म्हणजे काँक्रीटचे तयार तुकडे, यार्डात ओतून जागेवर चढवतात. यार्डात त्यांची चळत दिसली की काम जोरात आहे असे वाटते. लीनच्या हिशेबात मात्र ती अडकलेली रक्कम असते. अर्थात चळत अजिबात नसेल तर क्रेन बसून राहते, तेव्हा साठा शून्यावर आणण्याचा हट्ट इथे परवडत नाही.

विदर्भाच्या उन्हाचाही हिशेब धरावा लागतो. हवा चाळीस अंशांवर गेली की भारतीय मानकांनुसार काँक्रीट ओतताना विशेष खबरदारी लागते, आणि मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशी गाठतो. त्यामुळे रेडीमिक्सच्या गाड्या रात्री किंवा पहाटे लावणे शहाणपणाचे.

खरी अडचण मात्र कंत्राटांची आहे. सर्वांत कमी बोलीवर काम मिळते, ते पेटी ठेकेदारांत, म्हणजे हाताखालच्या छोट्या ठेकेदारांत, वाटले जाते, आणि त्यांचा मुकादम नियोजनाच्या बैठकीला नसतोच. असलाच तरी इंजिनिअरसमोर ‘नाही जमणार, साहेब’ म्हणायला कचरतो.