अपंगाचं कार्ड आणि निराधारचा पगार : दोन वेगळ्या गोष्टी आहेत

मामाचं दिव्यांग कार्ड आलं तेव्हा पारावर पहिला प्रश्न हाच होता, "कार्ड निघालं ना, मग पगार चालू झाला का?" आणि ज्यांना हे माहीत होतं की पगार चालू नाही, ते म्हणाले मग कार्ड खोटं असणार. दोन्ही चूक आहे, म्हणून जरा नीट सांगते.

कार्ड म्हणजे यूडीआयडी, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. ते तुमच्या शरीराबद्दल बोलतं, खिशाबद्दल नाही. सिव्हिलला डॉक्टर तपासतात, अपंगत्वाचे टक्के किती बसले ते लिहितात. 40 च्या खाली पांढरी पट्टी, 40 ते 79 पिवळी, 80 आणि त्याच्या वर निळी. श्रीमंत माणसालाही मिळतं, मिळायलाच पाहिजे, कारण एसटीतली 75 टक्के सवलत काय किंवा सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण काय, ते गरिबीवर नाही तर अपंगत्वावर आहे.

पगार म्हणजे संजय गांधी निराधार योजनेतून दर महिन्याला मिळणारी मदत, योजना 1980 पासूनची. तिथे कार्ड हा फक्त एक कागद. खरी गाडी अडते ती उत्पन्नाच्या दाखल्यावर, तहसीलला. दिव्यांगासाठी मर्यादा अख्ख्या कुटुंबाची वर्षाला 50,000 रुपये, म्हणजे महिन्याला चार हजारच्या आसपास, आता घरात एक भाऊ जरी रोजंदारीला जात असेल तरी हे ओलांडलं जातं, आणि मग मामासारखा माणूस पायाने अपंग असूनही कागदावर "निराधार" नसतो. भावाच्या कमाईवर त्याने कायम अवलंबून राहावं असं गृहीत धरलंय, याचा मला खरंच राग येतो.

दुसरा गोंधळ बघणाऱ्यांच्या नजरेचा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व आहे, त्यात सिकल सेल, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आणि स्किझोफ्रेनियासारखे मानसिक आजार पण येतात. विदर्भात सिकल सेलची पोरं किती आहेत, बाहेरून बघाल तर धडधाकट, आणि दुखणं उठलं की आठवडाभर अंथरुणावर. त्यांना लोक तोंडावर म्हणतात "तुला काय झालंय, पैसे खायला कार्ड काढलं का". कुबडी दिसली की बिचारा, नाही दिसली की चोर! टक्के डॉक्टर ठरवतात, शेजारी नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. त्याच कायद्याच्या कलम 24 मध्ये लिहिलंय की दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान 25 टक्के जास्त हवी. का? कारण त्याच जगण्याला त्यांना जास्त खर्च येतो, रिक्षा करावी लागते, सोबतीला माणूस लागतो, औषधं, तीनचाकीचं टायर. मामा तालुक्याला गेला की येण्याजाण्यातच अर्धा दिवस आणि रिक्षाचे पैसे जातात, ते उत्पन्नाच्या दाखल्यावर कुठेच लिहिलेले नसतात.